रेडिओच्या पडसादांना कुलूप नको

कुर्ला, सांताक्रूझ, विलेपार्ले या भागांत दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात वाढलेल्यांना आठवत असेल. डोक्यावरून विमान गेले की टीव्हीचे चित्र थरथरू लागे आणि विमान लांब गेले की पुन्हा जागेवर येई. उंच इमारतींच्या शेजारी राहणाऱ्यांचा त्रास वेगळा होता. पडद्यावर बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या बाजूला तिचीच एक पुसट सावली उभी दिसे. मग घरातले कोणी तरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी आणि खालून ‘आलं, आलं, थांब’ असा पुकारा होई. दोन्ही प्रकारांचे कारण एकच होते. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर घरात दोन वाटांनी पोचत होती. एक सरळ, आणि दुसरी विमानाच्या अंगावर किंवा इमारतीच्या भिंतीवर आपटून, किंचित उशिरा.

हा उशीर मोजता येत होता. टीव्हीच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक ओळ उमटायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागत, आणि एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते. पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरला, तर सावली एक सेंटिमीटर सरकलेली दिसणे म्हणजे ती लहर सुमारे ४०० मीटर जास्त चालून आलेली असणे. घरोघरच्या पडद्यावर आसपासच्या परिसराचे मोजमाप उमटत होते आणि लोक ते घालवण्यासाठी गच्चीवर चढत होते.

त्या काळी जो बिघाड मानला गेला, त्याच पडसादांवरून आज विमाने, उपग्रह, उल्का आणि डोंगर टिपले जातात. या पद्धतीला पॅसिव्ह रडार म्हणतात. नेहमीचे रडार स्वतः लहर सोडते आणि तिचा पडसाद ऐकते. पॅसिव्ह रडार काहीच सोडत नाही. गल्लीतल्या सरकारी दिव्याखाली बसून मुलांनी अभ्यास उरकावा, तसे ते एफएम किंवा टीव्हीच्या मनोऱ्यावरून आधीच पसरलेल्या लहरींवर आपले काम भागवते. हे तंत्र लष्करांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या मक्त्यात राहू नये. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते शिकवले जावे, हौशी अभ्यासकांना उघडपणे करता यावे. त्याच तत्त्वावर घराच्या भिंतीआड डोकावणारी जी साधने येऊ घातली आहेत, त्यांना मात्र कायद्याने लगाम घालावा. या दोन्ही मागण्या एकत्रच करायला हव्यात, कारण आज घडते आहे ते नेमके उलटे.

या विद्येचा जन्मच मुळी नभोवाणीच्या मनोऱ्यापाशी झाला. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री एडवर्ड ॲपल्टन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीचे बोर्नमथ केंद्र प्रयोगासाठी मागून घेतले. दिवसाचे कार्यक्रम संपल्यावर केंद्राने लहरीची वारंवारता हळूहळू बदलत न्यायची आणि ऑक्सफर्डमध्ये तिच्या जोराचा चढउतार टिपायचा, असा बेत होता. जमिनीलगत आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींत मिसळून कधी बळावत, कधी क्षीण होत. त्या चढउतारांची मोजणी केल्यावर कळले, की सुमारे १०० किलोमीटर उंचीवर लहरींना परत पाठवणारा आयनांबराचा विद्युतभारित थर आहे. ॲपल्टन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास कोलकात्याच्या नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण वापरून या थराचा पुरावा मिळवला. भारतात नभोवाणी नुकतीच बाळसे धरत होती, आणि एका विद्यापीठातल्या माणसांनी तिच्या लहरींवर आकाशाची उंची मोजली. आज एखाद्या प्राचार्याला हा विषय परका किंवा फार वरचा वाटत असेल, तर त्याने मित्र यांच्याकडे पाहावे.

दहा वर्षांनी प्रश्न जीवनमरणाचा झाला. ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारले, की रेडिओलहरींचा ‘मृत्युकिरण’ बनवून शत्रूचे विमान पाडता येईल का? त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी आकडेमोड करून ते अशक्य असल्याचे दाखवले. पण जवळून विमान गेले की संदेशात खळबळ होते, ही टपाल खात्याच्या अभियंत्यांची तक्रार विल्किन्स यांना ठाऊक होती. विमान पाडता आले नाही, तरी ते येते आहे एवढे तर कळेल! २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधल्या वीडनजवळच्या एका शेतात गाडी उभी राहिली. गाडीत रिसीव्हर होता. प्रक्षेपक त्यांचा नव्हताच. डॅव्हेंट्री येथून साम्राज्यभर कार्यक्रम पाठवणारे बीबीसीचे लघुलहरी केंद्र, लहरीची लांबी ४९ मीटर, एवढी सामग्री पुरेशी होती. हेफोर्ड जातीचे बॉम्बफेकी विमान ये-जा करू लागले आणि गाडीतल्या पडद्यावरचा हिरवा ठिपका लांबू-आखडू लागला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा माग लागला. तिथून ‘चेन होम’ या रडारसाखळीचे काम सुरू झाले, आणि १९४० च्या हवाई लढाईत त्या साखळीने ब्रिटन वाचवायला मोठा हातभार लावला. वॉटसन-वॅट यांचे नाव सगळ्यांना माहीत झाले. विल्किन्स यांचे फारसे कोणी घेत नाही, ते घेतले पाहिजे.

त्यानंतर प्रत्येक देशाने स्वतःची लहर सोडणारी रडारे उभारली आणि उसन्या लहरींची कल्पना मागे पडली. अपवाद जर्मनांचा. महायुद्धाच्या उत्तरार्धात त्यांनी युरोपच्या किनाऱ्यावर ‘क्लाइने हायडेलबर्ग’ नावाची ठाणी उभारली. ती ब्रिटनच्याच चेन होमच्या लहरींवर ब्रिटिश विमाने पाहत. ही ठाणी काहीच प्रक्षेपित करत नसल्यामुळे हुडकणे अवघड, आणि लहरी बंद कराव्यात तर ब्रिटन स्वतः आंधळे होणार. या तंत्राची ताकद आणि त्याविषयीची भीती, दोन्हींचे मूळ इथे सापडते.

त्याची रीत समजायला अवघड नाही. दोन अँटेना लागतात. एक मनोऱ्याकडे तोंड करून मूळ लहर घेते, दुसरी आकाशाकडे वळवलेली असते. दोन्हींची घड्याळे तंतोतंत जुळलेली हवीत. मग संगणक मूळ लहरीची नक्कल थोडी थोडी मागे सरकवत दुसऱ्या अँटेनाच्या नोंदीशी ताडून पाहतो. जिथे जुळते, तिथे पडसाद. उशीर किती, यावरून लहरीने किती जादा अंतर कापले ते कळते. वारंवारता किती सरकली, यावरून वस्तू किती वेगाने जवळ येते किंवा दूर जाते ते कळते. प्रवासी विमानाचा पडसाद एफएमच्या वारंवारतेपासून फार तर दोनशे हर्ट्झच्या आसपास सरकतो. दहा कोटी हर्ट्झमध्ये दोनशेचा फरक, आणि तो ओळखता येतो! एका मनोऱ्यावरून वस्तूची नेमकी जागा मात्र ठरत नाही. ती एका लंबवर्तुळावर कुठे तरी आहे एवढेच कळते. मनोरा आणि रिसीव्हर म्हणजे त्या लंबवर्तुळाच्या दोन नाभी. तीन मनोरे घेतले की लंबवर्तुळे एकमेकांना छेदतात आणि जागा सापडते. दहावी-बारावीच्या भूमितीचा इतका रसरशीत उपयोग दुसरीकडे क्वचित सापडेल.

खरी अडचण वेगळीच आहे. मनोऱ्याची सरळ येणारी लहर पडसादापेक्षा कोट्यवधी पटींनी जोरदार असते. तिच्या गोंगाटातून ती कुजबुज वेगळी काढणे हेच मुख्य काम. आणि एफएमच्या बाबतीत आणखी एक मजेदार गोष्ट घडते: रडारची नजर किती तीक्ष्ण, हे त्या क्षणी केंद्रावर काय चालू आहे यावर ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या ह्यू ग्रिफिथ्स आणि ख्रिस बेकर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजून दाखवले. भरगच्च वाद्यमेळाचे संगीत चालू असेल तर लहर रुंद पसरते आणि अंतर बारकाईने कळते. नुसते बोलणे चालू असेल तर अंतराचा अंदाज कित्येक किलोमीटरने ढोबळ होतो. बातम्या वाचणारा श्वासासाठी थांबला की रडारला त्या क्षणी जवळजवळ काहीच दिसत नाही. डिजिटल टीव्हीला हा दोष नाही. त्याची लहर सात-आठ मेगाहर्ट्झ रुंद आणि कार्यक्रम कोणताही असो, सतत सारखी. त्यामुळे तिच्यावर अंतर काही दशक मीटरांपर्यंत ओळखता येते.

त्रुटी आणखीही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. प्रसारणाचे मनोरे माणसांसाठी असतात, त्यामुळे त्यांची बहुतेक शक्ती जमिनीकडे वळवलेली असते आणि वरचे आकाश अंधुक राहते. केंद्र बंद पडले की काम थांबते. उंचीचा अंदाज कच्चा येतो. जर्मनीच्या हेन्सोल्ट कंपनीने २०१८ च्या बर्लिन विमान प्रदर्शनातून परतणाऱ्या दोन एफ-३५ विमानांचा माग पॅसिव्ह रडारने काढल्याचा दावा केला आणि त्याची खूप चर्चा झाली. रडारला न दिसण्यासाठी घडवलेली विमाने तीन मीटर लांबीच्या एफएम लहरींपासून तितकीशी लपत नाहीत, हे तत्त्व बरोबर आहे. तरीही दावा रडार विकणाऱ्याचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

युद्धाच्या गोष्टींपेक्षा शांततेतली उदाहरणे अधिक बोलकी आहेत, आणि त्यांतले पहिले तर फारच सुंदर आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन सार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिॲटलच्या एफएम केंद्रांवर एक रडार उभे केले. एक रिसीव्हर शहरात, दुसरा कॅस्केड डोंगररांगेपलीकडे मॅनास्टॅश रिज येथे. मधल्या डोंगरांनी शहराची सरळ लहर अडवली, त्यामुळे तो गोंगाट आपोआप दबला. उरले ते वरून येणारे पडसाद. विमाने, उल्कांच्या शेपट्या, आणि ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी आयनांबरात उठणारी खळबळ हे सगळे त्यांनी शेकडो किलोमीटरवरून टिपले. जे काम करायला एरवी मोठा प्रक्षेपक, त्याची वीज आणि त्याचा परवाना लागला असता, ते एका विद्यापीठाच्या विभागाने गाणी लावणाऱ्या केंद्रांवर करून दाखवले.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातल्या मर्चिसन वाइडफील्ड ॲरे या रेडिओ दुर्बिणीने २०१३ मध्ये याच्याही पुढची मजल मारल्याचे जाहीर झाले. एफएम केंद्रांच्या लहरी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर आपटून परत येतात, त्या तिने टिपल्या. चंद्रावरून परतणारे एफएमचे पडसादही तिला सापडले. अवकाशातला कचरा मोजायला हा मार्ग उपयोगी पडू शकतो, असे त्यातून पुढे आले. या दुर्बिणीच्या भागीदारांत तेव्हा बेंगळुरूची रामन संशोधन संस्थाही होती. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिथल्या मंडळींचा मोठा वेळ माणसांनी सोडलेल्या लहरींचा गोंगाट गाळण्यात जातो. त्या गाळण्याच्या विद्येत ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेची माणसे तरबेज आहेत. पॅसिव्ह रडारला लागते ती हीच विद्या, म्हणजे गुरू शोधायला फार लांब जायला नको.

जर्मनीत पवनचक्क्यांच्या टोकांवरचे तांबडे दिवे रात्रभर लुकलुकत आणि आसपासचे लोक वैतागत. फ्राउनहोफर संस्थेने टीव्हीच्या लहरींवर चालणारी ‘पॅरासोल’ ही यंत्रणा केली. विमान जवळ आले तरच दिवे लागतात, एरवी रात्र अंधारी राहते. २०१८ मध्ये तिला तिथे मान्यता मिळाली. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. अशा ठिकाणी हा विचार व्हायला काय हरकत आहे?

साहित्य आता आवाक्यात आले आहे. २०१२ मध्ये हौशी लोकांच्या लक्षात आले, की संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी विकली जाणारी एक स्वस्त यूएसबी कांडी खूप मोठ्या पट्ट्यातल्या लहरी ऐकू शकते. तिच्यातून आरटीएल-एसडीआर ही चळवळ उभी राहिली. पुढे पाच रिसीव्हर एकाच घड्याळावर चालवणारे ‘क्रॅकन-एसडीआर’ बाजारात आले, आणि त्यासोबत पॅसिव्ह रडारची संगणकप्रणाली खुली ठेवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती काढून घेण्यात आली. अमेरिकेच्या शस्त्रनिर्यातीच्या नियमांत ती अडकेल, ही भीती होती. कोणी रणगाडा विकत नव्हते. विद्यार्थ्यांनी छतावरून विमाने पाहावीत अशी ती सोय होती.

ही भीती निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जो काहीच प्रक्षेपित करत नाही, तो कुठे बसला आहे हे कळत नाही, आणि लढाऊ विमानांच्या हालचाली अशा डोळ्यांना दिसू शकतात. आपल्याकडे तर पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचाच तळ आहे. पण शंभर वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्र कुलपात ठेवल्याने शत्रूचे काही अडत नाही. त्याच्याकडे पैसा आहे, कंपन्या आहेत, सैन्य आहे. अडते ते लातूरच्या किंवा चिपळूणच्या मुलीचे, जिला प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे आणि जिला ‘हे कायदेशीर आहे का’ याचे सरळ उत्तर कोणी देत नाही. हवाई तळांच्या परिसरातल्या नोंदी त्या क्षणी प्रसिद्ध करू नयेत, त्यांना काही तासांचा विलंब असावा, असा साधा नियम पुरेसा आहे. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यासाठीच परवाना लावला होता. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. नव्या कायद्याखालच्या नियमांत एक वाक्य स्पष्ट लिहिले जावे: सार्वजनिक प्रसारणाच्या लहरी नुसत्या ऐकून त्यांचा अभ्यास करायला परवानगी लागत नाही.

कडकपणा दाखवायची जागा दुसरी आहे. हेच तत्त्व घरातल्या वायफायला लावले, तर लहरी भिंती पार करून माणसांच्या अंगावरून परततात. एमआयटीच्या दिना काताबी आणि फडेल अदिब यांनी २०१३ मध्ये भिंतीपलीकडे माणूस चालतो आहे हे वायफायच्या लहरींवरून ओळखून दाखवले. पुढच्या कामात श्वासाची लयही टिपली गेली. वृद्ध माणूस पडला तर कळावे, हा हेतू चांगला आहे. आता वायफायच्या जागतिक मानकातच अशा संवेदनाची तरतूद आली आहे. म्हणजे उद्या राउटर बसवणाऱ्या कंपनीला कळू शकेल, की घरात किती माणसे आहेत, कोण कधी झोपते, घर कधी रिकामे असते. कॅमेरा दिसतो, त्यावर कापड टाकता येते. इथे दिसण्यासारखे काहीच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती हा गाभा आहे. घरातल्या हालचालींचा पडसाद हा वैयक्तिक विदाच आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या स्पष्ट संमतीशिवाय तो गोळा करता येणार नाही, असे सरकारने निःसंदिग्ध सांगायला हवे. भाडेकरूच्या खोलीत घरमालकाचा राउटर असतो, वसतिगृहात संस्थेचा असतो. तिथे तर हे आणखी तातडीचे आहे. मनोऱ्याच्या लहरींवर आकाशातले विमान पाहणारा विद्यार्थी संशयित ठरावा आणि झोपलेल्या माणसाचा श्वास मोजणारे यंत्र सोय म्हणून विकले जावे, हा क्रम उलटा आहे.

मग सुरुवात कुठून करायची? सिॲटलजवळच्या कॅस्केड डोंगरांचे काम आपल्याकडे सह्याद्री करू शकतो. पुण्याची एफएम केंद्रे घाटमाथ्याच्या पलीकडे. अलीकडे कोकणात, माणगाव आणि महाडच्या मध्ये, लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. पुण्याची सरळ लहर मधल्या डोंगरांत बरीचशी अडेल, पण मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी विमाने दोन्हीकडून दिसतील. एक रिसीव्हर पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर, दुसरा लोणेऱ्याला, घड्याळे जीपीएसवर जुळवलेली, आणि एनसीआरएच्या कोणा शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरपासून, डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावापर्यंत नोंदी घेता येतील. खर्च काही हजारांपासून फार तर लाख-दीड लाखापर्यंत जाईल, आणि तो महाविद्यालयांना झेपणारा आहे.

प्रसार भारतीने आपल्या प्रत्येक मनोऱ्याची जागा, उंची, शक्ती आणि वारंवारता एका ठिकाणी, विद्यार्थ्यांना वापरता येईल अशा रूपात जाहीर करावी. मुंबईसह काही शहरांत दूरदर्शनचे डिजिटल प्रक्षेपक आहेत, त्यांचा वापर करू पाहणाऱ्या प्राध्यापकांना त्या केंद्रांच्या अभियंत्यांनी दारे उघडावीत. आणि राज्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार (ईएनटीसी) विभागप्रमुखांनी येत्या सत्राच्या प्रकल्पांच्या यादीत हा विषय घालावा. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.